काळीज नेमकं कुठं असतं?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर माझ्या पुढं एक आजोबा उभे होते. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. नंबर आल्यावर म्हणाले, "अर्धा किलो दे, अन् त्यात काळीज घाल थोडं. नातू आलाय." सुरी चालवणारा पोरगा विशीतला. त्यानं मान वर करून विचारलं, "कलेजी का, बाबा?" आजोबा म्हणाले, "तेच रे." पोरानं आकड्याला लटकणाऱ्या काळपट तांबड्या, ओलसर चकाकणाऱ्या गोळ्याचा एक तुकडा कापून तराजूत टाकला. शेजारी लाकडी ओंडक्यावर मुठीएवढं हृदय पडलेलं होतं. त्याला त्या दुकानात 'दिल' म्हणतात. आजोबांना ते नको होतं.

याच आजोबांना घरी जाऊन कुणी विचारलं असतं की तुमचं काळीज कुठं आहे, तर हात बहुधा डाव्या छातीवर गेला असता. बोकडाचं काळीज म्हणजे यकृत आणि आपलं काळीज म्हणजे हृदय, असा हा व्यवहार. दोन्ही अवयवांत घोटाळा होण्यासारखं खरं तर काहीच नाही. प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, उजव्या बरगड्यांखाली निवांत बसलेलं. हृदय तीनशे ग्रॅमच्या आसपास, छातीत किंचित डावीकडं, जन्मभर ठोके देत राहणारं. तरीही मराठीनं दोघांना एकच नाव दिलं, आणि त्या नावाभोवती वाक्प्रचारांचं एवढं मोठं गाव वसवलं की मूळ घर कुठलं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मूळ घर यकृताचंच आहे. संस्कृत कोशांत 'कालेय' हा शब्द यकृत या अर्थी येतो. त्याचं प्राकृतात 'कालेज्ज' झालं आणि तिथून मराठी काळीज, गुजराती काळजुं, हिंदी-पंजाबी कलेजा, बंगाली कोलिजा अशी भावंडं निघाली. यकृताला संस्कृतात आणखी एक नाव आहे, कालखंड. अमरकोशात यकृत आणि कालखंड हे समानार्थी म्हणून शेजारीशेजारी दिलेले आहेत. काल म्हणजे काळा, खंड म्हणजे तुकडा. ज्यानं हा शब्द घडवला त्यानं जनावर फाडलेलं पाहिलं होतं, यात शंका नको. पोट उघडल्यावर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो हाच काळपट लगदा. म्हणजे काळीज हा शब्द भावनेतून आलेला नाही. तो रंगावरून पडलेला आहे.

मग 'यकृत' कुठून आलं? हा शब्द फार जुना, आणि त्याचं गणगोत मोठं मजेदार. लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर', ग्रीकमध्ये 'हेपार'. त्या हेपारपासून हिपॅटायटिस निघाला. फारसीत यकृताला 'जिगर'. आपल्याकडचा 'य' फारसीत गेला की बऱ्याचदा 'ज' होतो: आपला यव तो त्यांचा जौ, आपला यम तो जमशीदमधला जम. तसंच यकृत तेच जिगर. तेव्हा रक्त तपासणीच्या अहवालातलं यकृत, तालमीतल्या पैलवानाची जिगर आणि दवाखान्यातला हिपॅटायटिस हे एकाच घरातले तिघं. मराठीत मात्र ते एकमेकांना ओळखत नाहीत. यकृत संस्कृतच्या वाटेनं आलं ते पाठ्यपुस्तकात बसलं, जिगर फारसीच्या वाटेनं आली ती आखाड्यात उतरली. 'यकृतबाज मल्ल' म्हणून बघा, कसं वाटतं ते.

हृदयाचंही असंच. संस्कृत हृद्, ग्रीक कार्दिया (कार्डिओग्राम त्यातलाच) आणि फारसी दिल हे एका मुळाचे. हृद् आणि दिल यांच्यात काही साम्य दिसत नाही हे खरं, पण हस्त आणि दस्त शेजारी ठेवून पाहा. संस्कृतातला 'ह' फारसीत 'द' झालेला आहे. दस्तखत म्हणजे हाताची खूण हे आपल्याला माहीत असतं. दिलगिरीत हृदय आहे हे सहसा लक्षात येत नाही. हृदयाचं प्राकृत रूप 'हिअय', त्याचा मराठीत हिय्या झाला आणि तो फक्त धाडसापुरता उरला. आपण हिय्या करतो, पण हिय्या दुखत नाही, तुटत नाही, कुणाला देताही येत नाही. काही शब्दांचं नशीबच असं असतं. दिलाचं भाग्य उलट. दिलासा, दिलदार, दिलखुलास, दर्यादिल, असा तो मराठीत चांगला बस्तान मांडून आहे.

एवढे सगळे पर्याय हाताशी असताना यकृताचं नाव हृदयाला कसं चिकटलं? दोन कारणं दिसतात. एक म्हणजे जुन्या वैद्यकात यकृत हा दुय्यम अवयव नव्हताच. सुश्रुतानं रक्तवाही स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितलं. चेतनेचं स्थान मात्र हृदय, आणि ते खाली तोंड केलेल्या कमळकळीसारखं. दुसऱ्या शतकातला गेलन हा ग्रीक वैद्यही रक्त यकृतात तयार होतं असं शिकवत होता, आणि त्याचं म्हणणं युरोपात दीड हजार वर्षं चाललं. युनानी हकिमांच्या लेखी हृदय, मेंदू आणि यकृत हे तिन्ही राजअवयव. म्हणून फारसी-उर्दू शायरीत प्रेमानं दिलाइतकंच जिगरही जळतं. बाबिलोनमध्ये तर मेंढीचं यकृत बघून राजाचं भविष्य सांगत. त्यासाठी बनवलेल्या मातीच्या यकृताचा नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत सिंधमधल्या ठट्ट्याचं वर्णन करताना 'जिगरख्वार' म्हणजे नजरेनं माणसाचं काळीज काढून खाणाऱ्या चेटक्यांची हकिकत दिली आहे. रक्ताचा उगम जिथं, तिथंच माणसाचं बळ आणि माया, हा हिशेब तेव्हा सरळ होता.

दुसरं कारण वैद्यांपेक्षा खाटकाच्या जवळचं आहे, आणि मला तेच जास्त पटतं. बोकड सोलून उघडला की श्वासनळीला धरून ओढल्यावर फोपसं, हृदय आणि यकृत असा एकच घोस बाहेर येतो. तो तसाच आकड्याला टांगतात. सामान्य माणसाला आतल्या अवयवांचं दर्शन झालं ते या घोसाच्या रूपात. त्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात काळा भाग काळीज. मग अख्ख्या घोसालाच तेच नाव पडलं असेल तर नवल काय? हा माझा तर्क आहे, पण त्याला तुर्कांची साक्ष मिळते. तुर्कीनं फारसी जिगर उचलला, त्याचा 'जियेर' केला आणि मग यकृताला म्हटलं 'कारा जियेर', म्हणजे काळं जिगर, आणि फुप्फुसाला 'आक जियेर', म्हणजे पांढरं जिगर. घोस एक, रंगावरून वाटे दोन. आपल्याकडच्या कालखंडाचीच ही तुर्की आवृत्ती म्हणायची.

आता वाक्प्रचारांकडं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि त्यांचाच वाक्संप्रदाय कोश हाताशी असला की अशा शब्दामागं संध्याकाळ सहज जाते. पण कोश बाजूला ठेवून, घरात-बाहेर जे कानावर पडतं तेवढंच गोळा केलं तरी एक गोष्ट लगेच लक्षात येते. काळीज हा मराठीत प्रेमाचा अवयव नाही. तो भीतीचा अवयव आहे.

काळजात धस्स होतं. काळीज लक्कन हलतं. काळजाचं पाणी पाणी होतं. काळजाचा ठोका चुकतो, थरकाप उडतो. यातला ठोका तेवढा निःसंशय हृदयाचा. पण 'धस्स' कुठं होतं हे नीट आठवून पाहा. रात्री दोनला फोन वाजला, पडद्यावर गावाकडचा नंबर दिसला, की जे काही आत खचतं ते डाव्या छातीत खचत नाही. ते छाती आणि पोट यांच्यामधल्या खळग्यात खचतं. विहिरीचा काठ ढासळावा तसं. 'लक्कन' निराळं. त्यात खचणं नाही, हलणं आहे. रस्त्यात हातातून पोराचं बोट सुटलं आणि समोरून मोटार आली, त्या निमिषाचं. 'चर्र' आणखी निराळं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की जो आवाज येतो तोच. त्यात भीतीपेक्षा कणव जास्त. अनवाणी मूल भर उन्हात डांबरी रस्त्यावरून चालताना दिसलं की काळजात चर्र होतं, धस्स होत नाही. हे तिन्ही शब्द मराठी बोलणारी सहा वर्षांची मुलगीसुद्धा अदलाबदल न करता वापरते.

भीतीच्या मागोमाग दुःख. काळजाला घरं पडतात, काळीज चिरत जातं, पिळवटतं, तिळतिळ तुटतं. इथं 'घर' म्हणजे भोक, वाळवीनं लाकडाला पाडलेल्यासारखं. काळजाला घरं पडतात ती बोलण्यानं, बहुधा जवळच्याच माणसाच्या. मग स्वभावाची मापं: वाघाचं काळीज, सशाचं काळीज, दगडाच्या काळजाचा, उलट्या काळजाचा. शेक्सपिअरच्या काळातले इंग्रजही भित्र्या माणसाचं यकृत पांढरं पडलंय असं म्हणत, तेव्हा धैर्य या अवयवात शोधण्याची खोड आपली एकट्याची नाही.

माया? ती आहे, पण तिच्यात प्रियकर-प्रेयसी फारशी नाहीत. काळजाचा तुकडा म्हणजे मूल. लग्न होऊन सासरी निघालेली लेक म्हणजे काळजाचा तुकडा. प्रेमात पडलेला तरुण दिल देतो, कवी असेल तर हृदय देतो. काळीज काढून देतात ते आईबाप. कीर्तनांतून आणि शाळेच्या भाषणांतून फिरणारी 'आईचं काळीज' ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: बायकोच्या हट्टापायी मुलगा आईचं काळीज घेऊन धावतो, ठेच लागून पडतो आणि काळीज विचारतं, लागलं का रे बाळा. ही गोष्ट इथल्याच मातीतली आहे असं आपण धरून चालतो, पण ज्याँ रिशपँ या फ्रेंच लेखकाच्या 1881 च्या 'ला ग्लू' या कादंबरीत याच कथेचं गाणं आहे. मराठीत येताना तिनं 'हृदय' टाकलं आणि 'काळीज' घेतलं. बरंच झालं. 'आईचं हृदय' म्हटलं असतं तर श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. त्याच महिन्याच्या 3 तारखेला दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसात बसवलं, आणि दोनेक महिन्यांत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तसाच प्रयत्न केला. शस्त्र तिकडंही होतं आणि इकडंही, पण शल्यविशारदाची सुरी काळजात घुसली असं म्हणता येत नाही, आणि कट्यार हृदयात घुसली म्हटलं असतं तर तिकिटं खपली नसती. मराठीनं वाटणी करून टाकलेली आहे. डॉक्टरांकडं आणि भाषणांत हृदय, पॅथॉलॉजीच्या कागदावर यकृत, ताटात कलेजी, आणि माणूस हादरतो तिथं काळीज. कुणी 'काळीजविकाराचा झटका' म्हणत नाही आणि कुणाच्या 'हृदयात चर्र' होत नाही.

गोव्यात गेलं की ही वाटणी मोडते. कोंकणीत काळीज हाच हृदयाचा सरळ, रोजचा शब्द. तिथं काळजाचो झटको येतो, आणि ख्रिस्ती घरांतल्या तसबिरीत ज्याला इतरत्र पवित्र हृदय म्हणतात ते असतं जेजूचें पवित्र काळीज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जरा खटकलं होतं. नंतर वाटलं, त्यांनी एका शब्दावर भागवलं. आपण मात्र अवयव दोन आणि त्यांच्याकडं जाणाऱ्या वाटा चार करून बसलो.

भाषांतराची गंमत अजून संपलेली नाही. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाशात, माकड आणि मगरीची गोष्ट आहे. मगरीच्या बायकोला माकडाचं हृदय खायचंय; रोज गोड जांभळं खाणाऱ्याचं हृदय किती गोड असेल! खोल पाण्यात पोहोचल्यावर माकड सांगतं की ते तर झाडावरच राहिलं. संस्कृतात तिथं हृदय आहे. मराठी आजी सांगते तेव्हा काळीज. ही कथा पूर्वेकडं गेली तेव्हा जपानात माकडाचं यकृत झाली, आणि कोरियात सशाचं यकृत. 1145 च्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात समुद्रातल्या राजाच्या आजारी मुलीसाठी सशाचं यकृत आणायला कासव निघतं आणि ससा म्हणतो, धुऊन ठेवलंय की दगडाखाली. म्हणजे भारतातून निघालेलं हृदय कोरियात पोहोचेपर्यंत यकृत झालं, आणि घरी राहिलेल्या मराठी आजीनं असा शब्द वापरला की दोन्हीकडचे ऐकणारे समाधानी.

आणि मग काळजी. काळीजचं सामान्यरूप होताना मधली 'ई' गळते, पाटीलचं पाटलाला आणि खाटीकचं खाटकाला होतं तसं काळजाला. काळजी ही या काळजाचीच लेक. जे काळजाला लागून राहतं ते काळजी. पत्राच्या शेवटी 'काळजी नसावी' लिहिणाऱ्यांना, सरकार पडल्यावर 'काळजीवाहू मंत्रिमंडळ' म्हणणाऱ्यांना आणि परीक्षेत 'खालील उतारा काळजीपूर्वक वाचा' अशी सूचना छापणाऱ्यांना यकृताची आठवण होत नाही, हे बरंच आहे. हृदयपूर्वक आभार मानतात, उतारा मात्र यकृतपूर्वक वाचायचा!

मराठीचं हे खास वैशिष्ट्य असं मी बरेच दिवस समजत होतो. मग कळलं की मलय आणि इंडोनेशियन भाषांत 'हाती' म्हणजे यकृत, भावनांचं घरही तेच, आणि कुणाला जपून राहा म्हणायचं असेल तर म्हणतात 'हाती-हाती'. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्यांवरही तेच लिहिलेलं असतं. शब्दशः घेतलं तर यकृत-यकृत. आपल्या काळजीशी त्याचं काही नातं नाही, भाषाकुळंच वेगळी. तरीही दोन्हीकडच्या लोकांनी जपणं त्याच काळपट गोळ्यातून काढलं. मला यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. चिंता लागली की जिथं जड वाटतं ती जागा खरोखरच तिथं, बरगड्यांच्या खाली आहे.

हे वाटण्याचं एक कारण माझी आत्या. पंचाहत्तरीची, गावाकडची. एकदा पहाटे तिला त्रास व्हायला लागला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. तिनं सांगितलं, "काळजात कळ येतीय." त्यांनी लगोलग कार्डिओग्राम काढला. तो ठीक निघाला. दुसऱ्यांदा काढला, तोही ठीक. मग त्यांनी विचारलं, "आत्या, हात लावून दाखवा बरं, कुठं?" तिनं तळहात बरगड्यांच्या मधोमध, बेंबीच्या चार बोटं वर ठेवला आणि म्हणाली, "हितं. काळजात." पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांची काही चूक नव्हती. काळीज म्हटल्यावर आधी कार्डिओग्राम काढणं हेच शहाणपण, कारण हृदयाची कळसुद्धा अनेकदा तिथंच जाणवते. पण आत्याचं काळीज पुस्तकातल्या हृदयापेक्षा खाली होतं, कालेयाच्या जवळ.

एक वाक्प्रचार मात्र आता अक्षरशः खरा झालाय. यकृताचा काही भाग कापून काढला तरी उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून आपला आकार जवळजवळ भरून काढतं. शरीरातला दुसरा कुठलाही मोठा अवयव असं करत नाही. त्यामुळं जिवंत माणसाला आपल्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला देता येतो. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला झाली. देणारी आई होती, घेणारा तिचा लहानगा मुलगा. भारतात 1998 मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला आणि तो जगला. काळीज काढून देणं, काळजाचा तुकडा, हे शब्द हृदयाचे असते तर ते कायम अलंकारच राहिले असते. ते यकृताचे निघाले म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर खरे ठरले.

आपल्याकडं अधूनमधून कुणीतरी भाषाशुद्धीच्या आवेशात सांगत असतं की काळीज म्हणजे यकृत, तेव्हा हृदयासाठी तो शब्द वापरणं चूक. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. पण शब्द व्युत्पत्तीच्या तारणावर चालत नाहीत, नाहीतर काळजीवाहू सरकारचा आरोग्य खात्याशी संबंध लावावा लागेल. काळीज हे आता कुठल्याच एका अवयवाचं नाव उरलेलं नाही. छातीच्या खालपासून बेंबीच्या वरपर्यंत जो एक पट्टा आहे, जिथं धस्स होतं, चर्र होतं, लक्कन हलतं, त्याचं ते नाव आहे. शरीरशास्त्राच्या तक्त्यात त्या पट्ट्याला वेगळी जागा नाही, आणि मराठीनं ती करून ठेवली यात मला चूक दिसत नाही.

वाचकांना एकच विनंती. घरात किंवा गावाकडं सगळ्यात वयस्कर जी बाई असेल तिला एकदा विचारा, काळीज कुठं असतं. ती तोंडानं काय सांगते ते सोडा. तिचा हात कुठं जातो ते बघा, आणि जिल्ह्याचं नाव घालून लिहून ठेवा.